दीक्षाचं नाव आलं होतं

वर्ल्डकपच्या फायनली दीक्षाला वडिलांच्या, धम्मरत्नच्या तोंडून ऐकून पाठ झाल्या होत्या. त्र्याऐंशीची त्यानं शेजाऱ्याच्या रेडिओवर ऐकलेली. दोन हजार तीनची भोसरीच्या वर्कशॉपात, मशिनी बंद ठेवून पाहिलेली. आणि अकराची जिंकल्यावर तर अकरा वर्षांच्या लेकीला खांद्यावर घेऊन तो गल्लीभर नाचला होता. त्याच आठवड्यात त्यानं तिला बॅट आणली. पोरगी मात्र बोलिंगमध्ये चमकली. थेरगावात मुलींना शिकवणाऱ्या सुमनताई म्हणायच्या, "हिचा चेंडू आत कधी येतो, कुणाच्या बापाला कळत नाही."

सतरा साली महिलांची फायनल बापलेकीनं मांडीला मांडी लावून पाहिली. जिंकत आलेली मॅच आपण नऊ धावांनी घालवली. दीक्षा हमसून रडली. "रडू नको," धम्मरत्न म्हणाला, "पुढच्या खेपेला तू असशील तिथं."

पुढं राज्याच्या संघासाठी निवड चाचणी झाली. एका संध्याकाळी चपला काढता काढता त्यानं सांगितलं, "सुमनताईंचा फोन होता. तुझं नाव नाही आलं, बाळा."

लाजेनं दीक्षानं ताईंना परत तोंड दाखवलं नाही. डिप्लोमा केला, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला लागली.

पंचवीसची फायनल नवी मुंबईत होती. डांगे चौकाजवळच्या मैदानात मोठा पडदा लावला होता. धम्मरत्न निळी जर्सी घालून लेकीला घेऊन आला. तिकडं पावसानं खेळ लांबला, म्हणून तो चहा आणायला गेला. तेवढ्यात दीक्षाच्या खांद्यावर हात पडला. सुमनताई होत्या.

"दीक्षाच ना? किती वर्षांनी गं! खेळावरचा राग गेला का?"

"राग कसला, ताई? माझं नावच आलं नव्हतं."

"अगं, आलं होतं की! शिबिराला पाठवा म्हणून मीच फोन केला. पप्पा म्हणाले, तिलाच आता खेळायचं नाही. दोनदा विचारलं मी."

धम्मरत्न चहा घेऊन आला आणि ताईंना पाहून जागीच थांबला.

"पप्पा, माझं नाव आलं होतं?"

त्यानं कप खाली ठेवले. "महिनाभर परगावी राहायचं होतं तुला. वयात आलेली पोर... धीरच नाही झाला."

"मग तसं सांगायचं! भांडले असते, उपाशी बसले असते, आईला मधे घातलं असतं. तुम्ही मला भांडूसुद्धा दिलं नाही. एवढी वर्षं मी समजत राहिले, मीच कमी पडले."

"तुझ्या भल्यासाठीच..."

"आणि आज दुसऱ्यांच्या पोरींसाठी जर्सी घालून आलात."

तिकडं पाऊस थांबला. पडद्यावर खेळाडू उतरल्या, मैदान उठून ओरडलं. दीक्षा ताईंबरोबर गर्दीतून वाट काढत पुढं गेली आणि त्यांच्या शेजारी बसली. भारत जिंकला तेव्हा त्यांच्या गळ्यात पडून ती रडली. वडील मागं उभे होते. तिनं वळून पाहिलं नाही.

सकाळी धम्मरत्ननं पेपर पुढं सरकवला. "बघ गं, आपल्या पोरींनी..."

"तुम्हीच वाचा," म्हणून तिनं डबा उचलला.

कंपनीच्या बसमध्ये फायनलचीच चर्चा होती. शेजारच्या करिष्मानं विचारलं, "तूही खेळायचीस ना? का सोडलंस?"

आजवर ती "जमलं नाही" म्हणत आली होती.

"सोडलं नाही," दीक्षा म्हणाली. "बापानं सोडायला लावलं, तेही मला न सांगता." आणि खिडकीकडं तोंड केलं.