उड्या मारणारा आकडा

वरवे गावाजवळच्या कारखान्यात सुलक्षणा पाच वर्षं व्हॉल्व्ह तपासत होती. व्हॉल्व्ह टेबलावर बसवायचा, पाइप आवळून हवेचा दाब द्यायचा आणि सेन्सरचा आकडा कॉम्प्युटरवर बघायचा. आकडा टिकला तर माल पास, घसरला तर गळका.

दिवाळीनंतर तो आकडा मधूनच उड्या मारायला लागला. चांगलेचुंगले व्हॉल्व्ह नापास व्हायला लागले. सुलक्षणानं चार दिवस पाळत ठेवली. भिंतीपलीकडं रंगखात्यात नवा ब्लोअर बसला होता. तो सुरू झाला की आकडा नाचायचा, थांबला की गप.

तिनं दीनानाथ सुपरवायझरांना गाठलं. "सायेब, त्यो ब्लोअर लागला का आकडा नाचतुया. मी रोज बगतीय."

"ब्लोअर पलीकडे, सेन्सर इकडे. त्याला काय वारं लागतं?" दीनानाथ म्हणाले, आणि आजूबाजूचे हसले. "पाइप नीट आवळत जा, बाई."

पंधरा दिवसांत नापास मालाचा ढीग लागला. खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायला हवंच होतं. सुलक्षणाला कामात हयगय केल्याची लेखी ताकीद मिळाली आणि पॅकिंगला बदली झाली. तिच्या जागी टेबलावर शेफाली नावाची मुलगी आली. आकडा तिच्या हाताखालीही तसाच नाचला, पण सुलक्षणाची ताकीद काही कुणी मागं घेतली नाही.

शेवटी पुण्याहून प्रद्युम्न नावाचा इंजिनिअर आला. त्यानं सेन्सर बदलला, कॉम्प्युटरमधलं कार्ड बदललं. दोन दिवस गेले, फरक शून्य. जेवणाच्या सुट्टीत सुलक्षणा भीतभीत त्याच्याजवळ गेली आणि ब्लोअरचं सांगितलं. तो हसला नाही. त्यानं ब्लोअर बंद करायला लावला. आकडा थिजला. चालू करायला लावला. आकडा नाचला.

मग तासाभरात सगळं उलगडलं. ब्लोअरची जाड केबल आणि सेन्सरची बारीक वायर एकाच पत्र्याच्या पन्हळीतून, अंगाला अंग लावून आणली होती. शिवाय बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारी सेन्सरच्या वायरीवरची जाळी दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडलेली, त्यामुळं ती गोंगाट अडवायच्या ऐवजी आत घेत होती. प्रद्युम्ननं जाळीचं एक टोक सोडवलं, वायर वेगळ्या वाटेनं नेली. आकडा जागचा हलेना.

मालक बघायला आले. दीनानाथ पुढं होऊन म्हणाले, "मला पहिल्यापासून ब्लोअरचाच संशय होता."

सुलक्षणानं प्रद्युम्नकडं बघितलं. तो बॅगेची चेन लावत होता.

फाटकाशी तिनं त्याला अडवलं. "सायेब, तुमी एक शबूद तरी बोलायचा."

"मला इथलं पुढचं काम मिळवायचंय, ताई," तो खाली बघत म्हणाला. निदान खरं तरी बोलला.

शिमग्याच्या सुमाराला आकडा पुन्हा बिघडला. खोकी घेऊन जाताना सुलक्षणाला कारण एका नजरेत दिसलं. शेडच्या खांबांचं वेल्डिंग चाललं होतं आणि वेल्डरनं अर्थिंगचा चिमटा तपासणीच्या टेबलाच्या पायालाच लावला होता. ठिणगी उडाली की आकडा उडायचा.

संध्याकाळी दीनानाथ पॅकिंगला आले. आवाज मऊ होता. "सुलक्षणाबाई, तुम्हाला काय वाटतं, काय असेल?"

चिमट्याचं नाव तिच्या अगदी जिभेवर आलं होतं.

"मला काय कळतंय, सायेब?" ती टेप ओढत म्हणाली. "पाइप सैल आसंल."

दीनानाथांनी मान डोलावली. तिला बरं वाटलं. घरी जाईपर्यंत वाटत राहिलं.

आठवड्यानं शेफालीही ताकीद मिळून पॅकिंगला आली. रडून डोळे सुजले होते. सुलक्षणानं सरकून तिला जागा दिली.

"ताई, मी पाइप नीटच आवळत हुते. तुमी तरी खरं माना."

"मानती," सुलक्षणा म्हणाली. नजर तिनं टेपवरच ठेवली. खोकी येत राहिली, आणि दोघी समोरासमोर बसून ती बंद करत राहिल्या.