गोपिकाबाईंच्या डाव्या पायाचा मोजा

मित्रांनो, मी एक जुना मोजा आहे. शाळेतून आल्यावर तुम्ही बुटासकट पलंगाखाली भिरकावून देता, तसला मोजा मात्र मी नव्हे. पावलापासून गुडघ्याच्या खालपर्यंत पाय आवळून धरणारा, कातडीच्या रंगाचा, जाड आणि हट्टी असा मी मोजा आहे. दवाखान्यात मला स्टॉकिंग म्हणतात. नागपुरात सक्करदऱ्याच्या ज्या घरात मी राहतो, तिथे मला ‘घट्टवाला’ एवढंच नाव आहे. आता मात्र नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी माझी गत झाली आहे. ताण गेला, वीण सैल झाली, आणि कपाटाच्या खालच्या खणात मी पडून असतो. तरी माझी गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते, कारण एका माणसाचा पाय माझ्यामुळे बरा झाला आणि दुसऱ्या माणसाचा माझ्यामुळेच जाता जाता राहिला.

माझा जन्म एका कारखान्यात, गोल फिरणाऱ्या यंत्रावर झाला. नायलॉनच्या धाग्यासोबत रबरासारखा ताणला जाणारा धागा गुंफून मला विणलं. घोट्यापाशी वीण सर्वांत घट्ट ठेवली आणि वर जावं तशी ती थोडी थोडी सैल केली. त्याला कारण आहे. पायातलं रक्त हृदयाकडे परत जायचं तर त्याला चढ चढावा लागतो. ते मागे घसरू नये म्हणून शिरांमध्ये बारीक झडपा असतात. काही माणसांच्या या झडपा निकामी होतात. मग रक्त खाली साचतं, शिरा फुगून निळ्या, वेड्यावाकड्या दिसू लागतात, पाय जड होतात, संध्याकाळी सुजतात, आणि एखाद्याच्या घोट्याजवळची कातडी काळवंडून फुटते. अशा पायाला मी बाहेरून दाबून धरतो, म्हणजे रक्ताला वर चढायला आधार मिळतो. मला एवढंच येतं. कोणता पाय दाबावा आणि कोणता दाबू नये, हे कळण्याची अक्कल मला कोणी दिली नाही. ती वापरायचं काम माणसांचं.

नागपूरच्याच सदर भागातल्या एका सर्जिकलच्या दुकानात मी आणि माझा जोडीदार एकाच डब्यात बसून होतो. श्रावणात गोपिकाबाई तिथे आल्या. त्या मुलांच्या मेसचे डबे करायच्या. पहाटेपासून दुपारपर्यंत ओट्यापाशी उभं राहून पोळ्या लाटायच्या. त्यांच्या डाव्या घोट्याच्या आतल्या अंगाला एक जखम होती, आणि ती वर्षभर भरत नव्हती. हळद झाली, मलमं झाली, शेजारणीनं सांगितलेला पाला झाला. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. हे दुखणं तर मुंगीच्या पावलांनीही हलायला तयार नव्हतं. शेवटी त्या डॉक्टर अरुंधतींकडे गेल्या आणि त्यांनी आम्हाला लिहून दिलं.

दुकानदार फितीनं त्यांच्या घोट्याचं आणि पोटरीचं माप घेत होता, तेव्हा त्यांनी विचारलं, “भाऊ, एका मोज्यापायी डॉक्टरबाईनं केवढं तपासलं! पावलावर बोट ठेवून नाडी पाह्यली, मंग दंडाले आन पायाले पट्टा बांधून मशीन लावली. एवढं काहून करते?”

“पायात रक्त बरोबर उतरून राहिलं का, ते पाह्यते ताई,” दुकानदार म्हणाला. “ते बरोबर असन तरच हा मोजा घालाचा.”

गोपिकाबाईंनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं. मी पुढून उघडा आहे, बोटं बाहेरच राहतात, म्हणजे जोडवी काढावी लागणार नाहीत, हे पाहून त्यांना फार बरं वाटलं. दुकानदाराचं उत्तर तिथेच दुकानात राहिलं.

पहिले काही दिवस मी त्यांना मुळीच सोसलो नाही. माझा स्वभावच आवळण्याचा. त्यातून डॉक्टरांचा नियम असा, की पाय सुजण्याआधी, म्हणजे सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीच मला चढवायचं आणि रात्री झोपताना काढायचं. डोळे उघडताच झाडू हातात घेणाऱ्या बाईला, अंथरुणात बसून मोजा ओढत राहणं म्हणजे आळशीपणाच वाटायचा. शिवाय मी जोडव्यांत अडकायचो. मग त्यांनी एक युक्ती काढली. साडीच्या दुकानाची गुळगुळीत पिशवी आधी पायात घालायची, तिच्यावरून मला सरकवायचं आणि मग पिशवी बोटांकडून ओढून घ्यायची. मी गुपचूप वर चढायचो. जखमेवर आधी स्वच्छ पट्टी असायची आणि तिच्यावर मी. एक दिवस मी, एक दिवस माझा जोडीदार, अशी आमची पाळी ठरली.

हळूहळू सूज उतरली. जखमेचे काठ आत सरकू लागले. ओट्यापाशी उभं राहताना त्यांचा चेहरा आंबट होईनासा झाला. दिवाळीच्या तोंडावर जखम भरून वर गुलाबी कातडी आली, तेव्हा त्या पायाकडे पाहून गोपिकाबाई चक्क रडल्या. माझं कौतुक गल्लीभर झालं. मला फार अभिमान वाटला, तो कशाला लपवू?

तुम्ही विचाराल, या मोज्यांनी खरंच फरक पडतो का? मी स्वतःची टिमकी वाजवणार नाही. मी सूज उतरवतो, जडपणा आणि ठणका कमी करतो, अशी जखम भरायला मदत करतो आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून राखण करतो. पण फुगलेली शीर मी सरळ करू शकत नाही. नव्या शिरा फुगणं माझ्यामुळे थांबतं का, याची डॉक्टरांनाही खात्री नाही. डॉक्टर अरुंधतींनी गोपिकाबाईंना हेच बजावलं होतं. “जखम भरली, आजार नाही गेला. मोजा सोडायचा नाही. दिवाळीनंतर या, शिरांचं ऑपरेशन करायचं का ते ठरवू.”

पण गरज सरो, वैद्य मरो. फराळाच्या ऑर्डरी आल्या, पहाटेची घाई वाढली, आणि भरलेल्या पायाला मोजा कशाला, असं गोपिकाबाईंना वाटू लागलं. त्यांनी आम्हाला धुऊन, वाळवून डब्यात ठेवलं. मी आतून वाट पाहत राहिलो.

भाऊबीजेला त्यांचे मोठे भाऊ रुपराव आले. ते नागपूरजवळ कळमेश्वरला एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या फाटकावर चौकीदार होते. आईवडलांच्या मागे त्यांनीच गोपिकाबाईंना वाढवलं, लग्न लावून दिलं. बायको वारल्यापासून ते एकटेच राहत. साखरेचा आजार होता आणि बिडी सुटत नव्हती. गल्लीतून दारापर्यंत येताना ते दोनदा थांबले, हे गोपिकाबाईंनी पाहिलं.

“काहून गा दादा, लंगडून राहिला?”

“काही नाही वं. थोडसं चाललं का डाव्या पोटरीत गोळा येते. उभा राह्यलो का जाते. दिवसभर फाटकावर उभं राह्यनं, दुसरं काय!”

गोपिकाबाईंना वाटलं, हे तर आपलंच दुखणं. उभं राहण्याचंच काम, पायच, तोही डावाच. ओवाळून झाल्यावर रुपरावांनी ताटात साडी ठेवली आणि गोपिकाबाई आत जाऊन आमचा डबा घेऊन आल्या.

“मले यानंच फरक पडला गा. घरात पडूनच आहे. तू वापर. पहिल्यानं आवळते, दुखते, मलेही दुखलं. सोसावं लागते.”

मित्रांनो, बहिणीच्या प्रेमात तिळभर खोट नव्हती. तिनं सांगितलेलं सगळं तिच्या पायापुरतं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी रुपरावांनी मला चढवलं आणि मी चरकलो. गोपिकाबाईंच्या पावलावर माझ्याखाली नाडी ठकठक वाजायची. इथे काहीच वाजत नव्हतं. पाऊल गार होतं. कातडी पातळ, चकचकीत, तिच्यावर एक केस नाही. गोपिकाबाईंच्या पायातून रक्त वर चढत नव्हतं. रुपरावांच्या पायात ते खालीच नीट उतरत नव्हतं, कारण रक्त आणणारी धमनीच अरुंद झाली होती. ज्या पायाला आधीच घोटभर रक्त मिळतं, त्याला मी आणखी आवळत होतो. मला सैल होता येत नव्हतं आणि ओरडताही येत नव्हतं.

त्यांचा पाय दुखू लागला. चालताना दुखायचा, तो आता पडल्यापडल्याही दुखायला लागला. खाटेवरून पाय खाली सोडला की थोडं बरं वाटायचं. कुणीही असता तर मला काढून फेकलं असतं. पण बहिणीनं सांगितलं होतं, सोसावं लागतं. रुपराव सोसत राहिले. लवकर गुण यावा म्हणून ते मला घालूनच झोपू लागले. साखरेमुळे बोटांची जाणीव तशीही बोथट झाली होती. करंगळी काळसर पडत चालली होती, आणि ते म्हणायचे, बुटाचा रंग लागला असेल.

इकडे सक्करदऱ्याला मोज्याविना गोपिकाबाईंचा पाय पुन्हा सुजला आणि जुन्या जागी कातडी फुटली. त्या डॉक्टर अरुंधतींकडे गेल्या. “मोजा कुठे आहे?” डॉक्टरांनी विचारलं. गोपिकाबाईंनी कौतुकानं सांगितलं, की भावाला दिला. हे सगळं मला नंतर कळलं. डॉक्टरांनी हातातली पट्टी खाली ठेवली आणि एकेक प्रश्न विचारला. बिडी ओढतात का? साखर आहे का? चालल्यावर गोळा येतो आणि थांबल्यावर जातो का? त्यांचा पाय कुणी तपासला होता का? उत्तरं ऐकून त्या म्हणाल्या, आधी मोजा काढायला सांगा, आणि गोपिकाबाईंनी तिथूनच फोन लावला.

रुपरावांचा फोन वाजला तेव्हा ते फाटकापाशी स्टुलावर बसले होते.

“दादा, काढ तो मोजा! आत्ता काढ!”

“अवं, पण काहून? काय झालं?”

“नंतर सांगतो. पह्यले काढ. पाय पाह्य आन मले सांग कसा दिसते!”

त्यांनी मला मोठ्या कष्टानं खाली ओढलं. करंगळी काळीनिळी झाली होती आणि पाऊल शवासारखं फिकट होतं. त्यांनी पायाकडे पाहिलं आणि फोन स्टुलावर ठेवून आतल्या लोकांना हाक मारली. गोपिकाबाई पलीकडून “दादा, दादा” करत राहिल्या. कारखान्यातल्या लोकांनी त्यांना गाडीत घालून नागपूरला आणलं. तिथे डॉक्टरांनी धमनीत बारीक फुगा घालून तिची वाट मोकळी केली. पाय वाचला. करंगळी मात्र काढावी लागली. आणखी थोडा उशीर झाला असता तर अख्खं पाऊल गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

रुपरावांच्या सामानाबरोबर मीही दवाखान्यात आलो. कुणीतरी मला धुऊन खाटेच्या दांडीवर वाळत घातलं होतं. गोपिकाबाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. रात्रभर खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून त्यांनी भावाची सोबत केली होती आणि सकाळी त्यांचा डावा पाय भोपळ्यासारखा सुजला होता. जखमेवरची पट्टी ओली झाली होती.

“माह्या हातानं केलं गा मी हे,” त्या म्हणाल्या.

“तुले मालूम असतं तर देल्ला असता का वं?” रुपराव म्हणाले. मग त्यांचं लक्ष तिच्या पायाकडे गेलं. “तुह्या पायात मोजा काहून नाही?”

“त्याले मी आता हात नाही लावत.”

मला वाटलं, संपलं. ज्या पायासाठी माझं माप घेतलं होतं, त्याच पायाला मी नकोसा झालो होतो. तो पाय असाच उघडा राहिला असता तर जखम पसरत गेली असती.

तेवढ्यात डॉक्टर अरुंधती भावाला पाहायला आल्या. गोपिकाबाईंचा पाय पाहून त्या रागावल्या. त्यांनी नवी पट्टी बांधायला लावली, मला ताणून पाहिलं आणि म्हणाल्या, “नवीन जोडी येईपर्यंत हाच घाला. याच्यात काही वाईट नाही. तुमच्या पायाला हाच लागतो. आधी पाय वर करून सूज उतरू द्या.”

डॉक्टर गेल्या तरी गोपिकाबाई हलल्या नाहीत. मग रुपराव हळूच खाटेवरून उतरून स्टुलावर बसले. पट्ट्यांत गुंडाळलेला पाय त्यांनी जपून टेकवला.

“गोपे, खाटेवर झोप. पाय उशीवर ठेव.”

त्यांच्या आवाजापुढे तिचं काही चाललं नाही. ती झोपली. थोड्या वेळानं सूज उतरली. मग रुपरावांनी दांडीवरून मला घेतलं आणि तिचं पाऊल हातात धरलं. ती ताडकन उठून बसली.

“दादा, मोठा आहेस तू! माह्या पायाले हात नोको लावू!”

“चूप बस. वावरातून येताना काटे कोन काढे तुह्या पायातले? तवा नाही लाजली.”

एवढ्यात नर्स आत आली आणि दारातच थबकली. “अहो बाबा, पेशंट कोण आहे इथे?”

“आमी दोघंही आहो, ताई,” रुपराव म्हणाले आणि माझी टाच तिच्या टाचेवर नीट बसवून, एकही सुरकुती राहू न देता, मला वर ओढू लागले. गोपिकाबाई रडत होत्या, पण पाय त्यांनी ओढून घेतला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाच्या तरी पायावर माझा एखादा भाऊबंद असेल. सकाळी तो चढवायला वाकवत नसेल, तर तुम्ही वाका. आणि तो प्रेमानं दुसऱ्या कुणाला द्यावासा वाटला, तर मोजा देण्याआधी त्या माणसाला डॉक्टरांकडे न्या आणि त्याचा पाय तपासून घ्या.