सिमेंट धरेपर्यंत

तिने ओला स्पंज पुलाच्या कठड्यावरच्या सिमेंटच्या खुंटाच्या टोकावरून फिरवला आणि नुकतीच कोरलेली सगळी कुसळं पुसून टाकली.

"घ्या!" मिस्त्रीकाकांनी थापी घमेल्यात आपटली. "मोडक्या फांदीचा खुंट हवाय साहेबांना. चित्रात काय काढलंय बघ."

"लाकडाचं कुसळ मोडतं, काका. सिमेंटचं मोडणार नाही. डोळा जाईल एखाद्याचा." तिने खुंटाच्या उंचीवर हात आडवा धरला. "माझी पोरगी बरोब्बर एवढी आहे."

"आलं आमचं काळजीवाहू सरकार!"

तिला ते नवं नव्हतं. घरी तिने टेबलाच्या कोपऱ्यांना चिंध्या बांधल्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, आता भिंतींनाही गाद्या शिव.

उद्यानातला तो लाकडी पूल नखशिखान्त सिमेंटचा होता. आत लोखंडी जाळी, वर ओला थर. त्यात थापीच्या टोकाने गाठी, तारेच्या ब्रशने शिरा. वाळल्यावर पातळ रंगाचे हात दिले की वाळवीही फसावी. कलाशाळेत शिकलेल्या तिला बाळंतपणानंतर हे काम मोठ्या मिनतवारीने परत मिळालं होतं.

उद्यानाचा आराखडा काढणारे साहेब कठड्यापाशी येऊन थबकले.

"हे काय? खुंट आहे की साबणाची वडी? पुन्हा कोरा. ओलं आहे तोवर."

ती वळली. खुंट पाठीमागे आला. मागे नेलेल्या अंगठ्याचं नख सिमेंटमध्ये अलगद रुतलं.

"आधी नीट समजू द्या, साहेब. ही फांदी मोडली कशाने? कुऱ्हाडीने की वाऱ्याने?"

साहेबांचा चेहरा खुलला. "वाऱ्याने! वादळच झालंय असं समजा."

"वारा कुठल्या बाजूचा?"

साहेब पुलावर चालून वारा दाखवू लागले. फांदी कशी पिळली असेल, हे हात पिळून दाखवलं. ती मान डोलवत होती. नख आता जेमतेम ओरखडा काढत होतं.

"आणि झाड तेव्हा हिरवं होतं की वठलेलं?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. तिच्या नखाला अजून थोडं ओलं लागत होतं. तेवढ्यात मिस्त्रीकाका खाकरले.

"वठलेलं असेल तर सालही सुटलेली दाखवावी लागेल ना, साहेब?"

साहेब पुन्हा रंगले. सालीवरून बुरशीवर गेले, बुरशीवरून रंगावर. तिचं नख दगडावरून घसरल्यासारखं घसरलं.

"साहेब," ती बाजूला झाली, "आता नाही कोरता येणार. सिमेंट धरलं."

त्यांनी खुंटावर बोटं टेकवली. मग तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही हे मुद्दाम केलंत?"

"हो. मुद्दाम."

फोडायचं तर जाळीपर्यंत फोडावं लागलं असतं. साहेबांनी खुंटावरची बोटं झटकली.

"हा एक राहू दे. उरलेले खुंट उद्या माझ्या चित्राबरहुकूम. नाहीतर परवापासून येऊ नका."

त्यांची पावलं दूर गेली, तेव्हा कुठे ती कठड्याकडे वळली. तिने त्याच खुंटाचा आधार घेतला. तळहाताला काही टोचलं नाही.

"एक वाचवलास. भांडण पुरे झालं," काका हळू आवाजात म्हणाले. "पण उद्याचं काय?"

तिने कठड्यावर रांगेने उभ्या, उरलेल्या खुंटांच्या उघड्या जाळ्यांकडे पाहिलं. ऊन अजून पुलाच्या या टोकालाच होतं; दिवस बराच उरला होता.

"उद्याला ठेवायचेच कशाला?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं, एकदा साहेब गेले त्या वाटेकडे पाहिलं, आणि रिकामं घमेलं तिच्याकडे सरकवलं.

"पाणी बेताने घाल," ते म्हणाले. "लवकर धरायला हवं."