कोपऱ्यातली सही

सहदेव पेंटरांनी कागद उलटा केला, हात लांब करून धरला आणि एक डोळा मिटला. अक्षर उलटं केलं की वाचता येत नाही, नुसतं दिसतं. आणि नुसतं दिसलं की त्यातली खोट लपत नाही. चाळीस वर्षं ते असेच बोर्ड तपासत आले होते.

"हे काय लिवलंय गं?" त्यांनी कागद टेबलावर टाकला. "नकन, नखन, नगन. भगत भूत उतरवताना असलंच कायतरी पुटपुटतो."

नम्रता हसली.

"काका, ते वाचायला नाही. प्रत्येक अक्षर दोन न-च्या मधे बसवून बघायचं, अंतर बरोबर पडतं का. स्क्रिप्ट स्वतःच मांडते सगळं. जोडाक्षरं धरून आठशे आकार आहेत. हातानं मांडत बसले तर दिवाळी उजाडेल."

स्क्रिप्ट म्हणजे तिनं लिहिलेला चार पानांचा प्रोग्रॅम. बटण दाबलं की तो तिच्या फॉन्टमधलं एकेक अक्षर शेजाऱ्यांबरोबर उभं करायचा, मापं घ्यायचा आणि तपासणीचे कागद छापून बाहेर फेकायचा. तिची खोली पोशीर गावातल्या भाताच्या गिरणीच्या वर होती. खाली गिरणी सुरू झाली की टेबल, कॉम्प्युटर, कागद सगळंच थरथरायचं. सहदेव पेंटरांना त्यातल्या त्यात आदर होता तो गिरणीबद्दल. ती निदान तांदूळ तरी देत होती.

त्यांच्या मते जगातली अक्षर काढणारी माणसं संपली होती. फ्लेक्सवाले म्हणजे कापडावर ओकणारे. कॉम्प्युटरवाले म्हणजे ब्रश कुठल्या टोकाला धरायचा हेही माहीत नसलेले. ही पोरगी जरा बरी, कारण खोपोलीपासून कर्जतपर्यंत गल्लोगल्ली हिंडून तिनं त्यांच्या बोर्डांचे फोटो जमवले होते आणि त्यांवरून फॉन्ट बेतला होता. ज्याच्या कोपऱ्यात 'सहदेव आर्ट्स' अशी सही आणि खाली साल असेल तोच बोर्ड घ्यायचा, ही अट त्यांचीच. फॉन्टचं नावही 'सहदेव' ठरलं होतं. उद्या तो मुंबईच्या एका कंपनीकडे जायचा होता, आणि ही बातमी ऐकली नाही असा एकही न्हावी खोपोलीत उरला नव्हता.

"आता शेवटची तपासणी," नम्रता म्हणाली. "सगळी अक्षरं एकाच हातची आहेत का, ते ही स्क्रिप्ट मोजते. ब्रश कुठे जड होतो, वळताना किती कलतो."

"यंत्राला काय कळतोय हात?"

"बघा तर खरं."

"आमच्याकडं एक गजा होता." ते खुर्चीत रेलले. "लोधिवलीचा. वीस वर्षं राहिला. मी खडूनं अक्षर आखायचं, त्यानं आत रंग भरायचा. रेघेच्या बाहेर जायचं नाय, एवढीच अक्कल. खडूला हात लावायला गेला की मी वरडायचो, आधी हात धुऊन ये रं. तेलाच्या बोटांनी रेघ उमटत नाय. हे तुझं यंत्र त्याचाच चुलतभाऊ. भरणारं."

"आता कुठे असतात ते?"

"हायवेला वड्याची गाडी लावतो. तळणाराच होता तो पहिल्यापासून."

प्रिंटरमधून कागद आला. नम्रतानं तो आधी स्वतः पाहिला आणि मग जरा वेळ हातातच ठेवला.

"फोटोंवरून घेतलेली मूळ अक्षरं बहात्तर आहेत," ती म्हणाली. "एकसष्ट अगदी एका हातची. ही लाल छापलेली अकरा मात्र नाहीत. वाईट नाहीत हं काका. पण हात वेगळा आहे. तुम्ही नसताना गजाकाकांनी काढली असतील का?"

उत्तर आयतं समोर आलं होतं. नुसती मान हलवायची होती.

त्यांनी कागद घेतला. प्रत्येक लाल अक्षराखाली तो फोटो कुठला हे लिहिलेलं होतं. सायकल मार्ट, खोपोली, १९८९. रसवंतीगृह, चौक, १९९१. पिठाची गिरणी, खालापूर, १९९४. शहाण्णवच्या पुढचं साल एकाही अक्षराखाली नव्हतं. त्यांनी कागद उलटा केला आणि डोळा मिटला. सायकल मार्टचा 'ल'. स्टुलावर उभं राहून त्यांनी स्वतः एका श्वासात ओढलेला. बघायला माणसं थांबली होती.

सत्त्याण्णव साली शिडी घसरली आणि उजवा अंगठा तिच्याखाली आला. तो पुन्हा नीट वळला नाही. तेव्हापासून दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं जायचं, खडू गजाच्या हातात जायचा, आणि रंग वाळला की कोपऱ्यात सही तेवढी सहदेव पेंटर करायचे. सहीला अंगठा फारसा लागत नाही. गजा कुणाजवळ कधी बोलला नाही. हात त्याचा असला तरी अक्षर आपलंच, असं ते इतकी वर्षं मानत आले होते. आपणच तर शिकवलं.

"बाकीच्यांवरून मी ती अकरा नवीन आखते," नम्रता म्हणाली. "नाहीतर तुम्हीच काढून देता का? ब्रश आहे, कागद आहे."

तिनं दोन्ही त्यांच्यापुढे सरकवलं. खाली गिरणी बंद पडली आणि टेबल एकदम स्थिर झालं. त्यांनी उजवा अंगठा मुठीत घेतला.

"बिनडोक हाय तुझं यंत्र," ते म्हणाले.

"मग राहू देऊ ही अकरा?"

कागदाच्या खालच्या कोपऱ्यात स्क्रिप्टनं आपोआप फॉन्टचं नाव छापलं होतं. त्यांनी तो कोपरा आत दुमडला, बोटानं पुन्हा सरळ केला, आणि परत दुमडला.

"काढून टाक."

"आणि त्यांच्या जागी?"

"तू आखू नको. तुला जमायचं नाय." ते उठले, पिशवी खांद्याला अडकवली. "गजाला बोलाव."

नम्रतानं त्यांच्याकडे पाहिलं. "ते तर रंग भरायचे ना?"

सहदेव पेंटर कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरले आणि थांबले, पण वळले नाहीत.

"लोधिवलीच्या फाट्यावर गाडी असते त्याची. दुपारपातूर तळत असतो. हात तेलकट असतील," ते म्हणाले. "म्हणावं, धुऊन ये."