पोचवायचा दिवस

"बॅग भरून तयार हाये मी, मोठेबाबा," वैष्णवी दारातूनच म्हणाली. इंद्रभानने अजून चपलाही काढल्या नव्हत्या.

मलकापुरातल्या या ओसरीवर तो तिला न्यायला चौथ्यांदा आला होता. आमच्या डोणगावात भावकीतल्या लेकींना सासरहून आणायला जाणारा मुऱ्हाळी म्हणजे इंद्रभान, हे चाळीस वर्षांपासून ठरलेले. खताच्या दुकानात पोती उचलण्यापलीकडे त्याने आयुष्यात फारसे काही केले नाही; मान मिळाला तो या कामाचा. आवाज मऊ, स्वभाव गरीब, कुठल्या विहिणीशी कधी वाकडा शब्द नाही. लेक आणायची आणि पंधरा दिवसांनी पोचवायची. आणताना पोरी बसमध्ये खिडकीशी बसून मेहकर येईपर्यंत बडबडत. पोचवताना त्याच पोरी आतल्या बाजूला बसत आणि बोलत नसत. त्याला ते दिसत असे. दिसून आपण काय करणार, असे म्हणत त्याने चाळीस वर्षे काढली.

वैष्णवी तर सख्ख्या धाकट्या भावाची पोर, आणि तो भाऊही आता नव्हता. तिला तीनदा आणली, तीनदा पोचवली. तिसऱ्यांदा तर हाताचे प्लॅस्टर निघायच्या आत. जावई मारतो, हे सगळ्या गावाला माहीत होते. 'लेक सासरीच शोभते' म्हणणारेही त्याच गावातले. परवा तिचा फोन आला.

"मोठेबाबा, न्याले या. पण या बारीले पोचवाचं नाही."

"हाव बाई, नाही पोचवत," तो म्हणाला होता. शेजारी तिची आई अन्नपूर्णा उभी होती. तिने तिथेच पदर डोळ्यांना लावला.

विहीणबाईंनी चहा आणला. जावई कामावर गेला होता आणि बाई आज चक्क गोड बोलत होत्या.

"न्या ना. आमी कुठं नाही म्हणून राह्यलो? पोचवाले कधी येता मंग?"

मुऱ्हाळ्याला हा प्रश्न विचारायचाच असतो, आणि त्यानेही दिवस सांगायचाच असतो. बशी ओठांशी होती. उत्तर आपसूक बाहेर पडले.

"पंधरा दिसांनी. पुनव झाली का आणून घालतो."

मग वैष्णवीने हातातली बॅग खाली ठेवली.

"तसं नाही वो बाई," तो गडबडीने उठला. "सवयीनं निघालं तोंडातून."

"मंग यायच्यासमोर सांगा," ती म्हणाली. "पोचवता का नाही?"

विहीणबाई त्याच्याकडे पाहत होत्या. गोडवा गेला होता. नाही, एवढा एक शब्द म्हणायचा होता. त्याने तोंड उघडले. चाळीस वर्षांत कुठल्याच ओसरीवर तो शब्द त्याने वापरला नव्हता, आणि आज लागला तेव्हा तो सापडेना.

"पाहू मंग," तो म्हणाला. "आधी घरी तं चाल."

"पंधरा दिसांसाठी काऊन येऊ? वापस आल्यावर दुप्पट मार बसते." तिच्या आवाजात राग असता तर त्याला बरे वाटले असते. "जा तुमी. बस चुकन."

तिने बॅग उचलली आणि आत नेली. विहीणबाईंनी त्याच्या बशीत आणखी चहा ओतला.

परतीच्या बसमध्ये तो आतल्या बाजूला बसला. खिडकीची जागा नांदुऱ्यापर्यंत तशीच रिकामी राहिली.

डोणगावात दिवे लागले होते. अन्नपूर्णा लेकीवरून ओवाळून टाकायला भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने त्याच्या मागे गल्लीच्या टोकापर्यंत पाहिले.

"पाठवली नाही त्यायनं, भाऊजी?"

इंद्रभान चपला काढायला वाकला.

"नाही पाठवली," तो म्हणाला.

"तुमी तरी काय करसान," ती म्हणाली. तिने भाकरीचा तुकडा ताटलीत ठेवला, आणि तांब्यातले पाणी त्याच्या पायांवर घातले.