बाटलीतली मुंगी आणि पांढरा दाणा

"माझी खोकल्याची बाटली मुंगीला दिलीस. आता औषध काय पदरात आणू?" म्हातारी भागुबाई सुनेवर कुरकुरली, तीही अगदी माझ्या डोक्यावर वाकून.

मित्रांनो, मी एक जुनी मुंगी आहे आणि त्या बाटलीत मीच होते. अंगापेक्षा माझं डोकं मोठं, म्हणून जन्मापासून एकच काम वाट्याला आलं, दाणे फोडायचं. कुरकुंभच्या माळावर आमचं बीळ. सुगीत खळ्यावर सांडलेली ज्वारी आम्ही ओढून आणायचो, खाली रचायचो, ओल लागली की वर काढून उन्हात घालायचो. तेव्हा माणसं पोरांना म्हणत, मुंगीकडनं शिका. मग बहात्तरचा दुष्काळ पडला आणि खळंच उरलं नाही.

माळावर दुष्काळी काम निघालं. बाया खडी फोडू लागल्या. फोडणाऱ्या म्हणून मला त्या घरच्याच वाटल्या. त्यांच्यातल्या कुशाबाईनं, म्हणजे भागुबाईच्या सुनेनं, मला दाण्यासकट उचललं आणि बाटलीत टाकून बूच लावलं. पाय औषधाच्या चिकट्यात रुतले. चढावं आणि घसरावं. दाणा मात्र मी सोडला नाही.

एरवी जेवणाच्या सुट्टीत बाया एकमेकींकडे पाठ करून बसत. कुणाच्या फडक्यात काय आहे, ते कुणी बघायचं नाही, असा रिवाजच पडला होता. रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, तोही परवापासून आला नव्हता. आज मात्र सगळ्या माझ्याभोवती.

"मुंगळा हाय."

"मुंगळ्याचं टकुरं एवढं कवा आसतंय? तुझ्या नवऱ्याचं आसंल."

मुकादम सोपानराव बाटली उन्हात धरून म्हणाले, "परदेशी दिसती. मिलोच्या पोत्यातनं आली आसंल."

"मिलो लाल आसतोय, मुकादम," कुशाबाई हळूच म्हणाली.

नाव माझं विचारत होते, पण डोळे माझ्या तोंडातल्या पांढऱ्या दाण्यावर होते. सोपानरावांच्या हाताशी पहार होती.

मित्रांनो, बिळात माझ्या धाकट्या बहिणी होत्या. वाटेत बीळ दिसलं तर चार बोटं बाजूनं चाला, एवढंच आमचं मागणं असतं. ते मी जीव तोडून सांगत होते. बूच घट्ट होतं.

भागुबाईला ढास लागली. ती थांबल्यावर तिनं बाटली आपल्या मांडीवर घेतली.

"नाव कशाला इचारताय? मी पोर हुते तवाच्या दुष्काळात माझ्या आईनं हिच्याच जातीचं बीळ उकरून दाणं काढलं हुतं. हिच्या घरात दाणा हाय, आन् आपल्या कुणाच्याच घरात न्हाई."