लाल चाकाचं घड्याळ

सोलापुरात घड्याळाची तबकडी रंगवून देणारे ढीगभर आहेत. रंगवलेली ओळखणारा मी एकटा. याला कुणी गर्व म्हणत असेल तर म्हणू दे. चाटी गल्लीत माझं चादरींचं दुकान आहे, पण चादरींपेक्षा आतल्या काचेच्या कपाटातली जुनी मनगटी घड्याळं बघायला लोक जास्त येतात. आणि खरं ऐकायला कुणी येत नाही. आपल्या बापाचं घड्याळ लई भारी, एवढंच त्यांना माझ्या तोंडून हवं असतं. नसलं भारी तर मी नाही म्हणतो. मग चहा अर्धा टाकून उठतात. उठू देत.

रेवणसिद्ध मिलची घड्याळं हा माझा हातखंडा. मिलमालकानं ती स्वित्झर्लंडहून बनवून आणलेली, बाराच्या आकड्याखाली मिलच्या खुणेचं बारीक चाक छापलेलं. निळ्या चाकाची घड्याळं जुन्या नोकरांना मिळत. ती आजही जुन्या बाजारात सापडतात. लाल चाकाची मात्र मोजकी आली. स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी मिलमध्ये मोठा संप झाला, तेव्हा संप मोडून जे आत गेले त्यांना मालकानं ती वाटली. बक्षीस कसलं, डागणी. कुणी लपवली, कुणी परगावी विकली, एकानं म्हणे टेंभुर्णीकडं सासऱ्याच्या विहिरीत टाकलं. दहा वर्षं मी एक खरं लाल चाक शोधत होतो. हाती आली ती सगळी निळ्यावर लाल फासलेली.

चौऱ्याहत्तर सालच्या दसऱ्यानंतर संगप्पा आला. त्याच मिलमध्ये मागावर काम करायचा. युनियनच्या निवडणुकीला उभा होता. त्याचा बाप गुरुबसप्पा याच मिलमध्ये राबून मेलेला. संगप्पानं रुमाल सोडला आणि घड्याळ माझ्यापुढं ठेवलं.

लाल चाक.

"अप्पा, ह्ये रंगवलेलं हाय म्हणून सांगायचं," तो म्हणाला.

"बघू तर दे आधी."

"बघायचं कशाला? आईनं खंडेनवमीला पूजेत मांडलं. विळा, कात्री, शिवायचं मशीन, आन मधी ह्ये. दुसऱ्या दिवशी कुंडलिक सोनं द्यायला आला, त्यानं बघितलं. आता गेटवर बोंबलत फिरतोय, संगप्पाचा बाप संपफोड्या हुता. मी म्हणलं, बाजारातून रंगवून आणलेलं हाय, चाटी गल्लीतल्या बसलिंगप्पांना इचार. उद्या येतोय त्यो."

कुंडलिक म्हणजे निवडणुकीतला त्याचा विरोधक.

"तुमच्या तोंडून 'रंगवलेलं' एवढा एक शबुद पायजे," संगप्पा म्हणाला. "मग घड्याळ तुमचं. फुकट."

मी भिंग डोळ्याला लावलं. तबकडीवरच्या वार्निशला म्हातारपणाच्या बारीक भेगा पडल्या होत्या. एक भेग लाल चाकावरून सरळ पलीकडं गेलेली. रंग नंतर लावला असता तर तो भेगेत उतरला असता. तो भेगेच्या खाली होता. मग घड्याळ उलटं केलं. मागच्या झाकणाच्या खाचेत विभूती भरून दगडासारखी घट्ट झालेली, दर दसऱ्याला बोटानं लावलेली. म्हणजे झाकण आजवर उघडलंच नव्हतं. आणि झाकण उघडून यंत्र बाहेर काढल्याशिवाय तबकडी रंगवता येत नाही. चावीचे दाते बघितले, तर टोकदार, नव्यासारखे. रोज चावी दिलेल्या घड्याळाचे दाते बोटांनी गुळगुळीत होतात. हे घड्याळ कुणी वापरलंच नव्हतं.

माझ्या हातात दहा वर्षांचा शोध होता, आणि तो मिळवायला एक खोटा शब्द पुरणार होता. मोह झाला. झाला नाही म्हणणारा जमवणारा माणूस मला दाखवा.

"खरं हाय," मी म्हणालो. "उद्या बी हेच सांगणार."

त्याचा चेहरा उतरला, मग तापला. "तुमचं काय जातंय हो? संपात आमची चूल बंद हुती तवा तुमच्या वडिलांचं दुकान चालूच हुतं की!"

"चालू होतं. आणि उधारीसुद्धा बंद केली होती त्यांनी. ते बी खरं हाय. म्हणून मी खोटं बोलू? मला एवढी एकच गोष्ट येते संगप्पा, खरं-खोटं ओळखणं. ती विकली तर माझ्याकडं राहिलं काय? चादरी?"

तो रुमाल गुंडाळून निघून गेला. उद्या येणार नाही असं मला वाटलं.

आला. मागून कुंडलिक चार माणसं घेऊन आला. आणि सगळ्यांच्या मागून, कुणी न बोलावता, संगप्पाची आई गौरम्मा येऊन चादरींच्या गठ्ठ्यावर बसली.

"बोला मालक," कुंडलिक म्हणाला. "खरं का रंगवलेलं? का कालच ठरवून ठिवलंय दोघांनी?"

"ठरवलं असतं तर तुला चहा सांगितला असता," मी म्हणालो. "खरं आहे. असं दुसरं मी पाहिलेलं नाही." भेग दाखवली, विभूती दाखवली, भिंग त्याच्या हातात दिलं. "आणि हे कधी चावी देऊन चालवलेलं नाही. दाते बघ."

"नसंना का चालवलं. घेतलं तर हुतं!"

"घेतलं होतं. मी कुठं नाही म्हणतोय?"

संगप्पा भिंतीकडं बघत उभा. तेव्हा म्हातारी बोलली.

"हौदप्पा, व्हय, घेतलं. मीच धाडलं त्यास्नी कामाला. ह्यो संगा तापानं फणफणत हुता, घरात मीठ बी नव्हतं. गेले. मालकानं हातावर घड्याळ ठिवलं तर मूठ मिटली. घरी आले आन कोनाड्यात टाकलं. त्या दिसापास्नं मेस्तवर दुसऱ्याला येळ इचारायचे."

"मग पूजेत कशाला मांडती म्हातारे?" कुंडलिकबरोबरचा एकजण म्हणाला.

"यंत्र हाय. घरातल्या यंत्राला इभूत लावायची आसती. त्यानं काय केलं ते मी त्याला इचारत न्हाय."

 मी तिला बरं वाटावं म्हणून एक शब्द बोललो नाही. न वापरल्यानं घेतलेलं फिटत नाही. पण वापरलं नाही हेही तितकंच खरं, आणि ते मी मोठ्यानं सांगितलं होतं.

कुंडलिक उठला. "चला रं. पाळी सुटायची येळ झाली. आता गेटवर सांगतो सगळ्यास्नी, बसलिंगप्पांच्या साक्षीनं."

संगप्पानं घड्याळ उचललं. मला वाटलं आता हा ते फरशीवर आपटणार, आणि माझा हात नकळत पुढं गेला. पण तो दाराकडं वळला. "थांब की कुंडलिकतात्या. तू कशाला दमतोस? माझा बाप हाय, मी सांगतो."

मी दुकानाची फळी लावली आणि मागून गेलो. पाळी सुटली, माणसं बाहेर पडू लागली. संगप्पा गेटजवळच्या कट्ट्यावर चढला आणि हात वर केला.

"ह्ये लाल चाक! रंगवलेलं हाय म्हणून मीच तुमाला सांगितलं, त्ये खोटं. माझ्या बापानं संप मोडला, त्याचं ह्ये बक्षीस. मत द्यायचं आसंल तर ह्याच्यासकट द्या. नसंल द्यायचं तर आत्ताच तोंडावर सांगा."

दोघं-तिघं थुंकून निघून गेले. एकानं आईवरून शिवी घातली. संगप्पानं ती ऐकून घेतली, हात खाली केला नाही. बाकीचे जागचे हलले नाहीत. मग सूतखात्यातल्या एका म्हाताऱ्यानं मान वळवून हाक मारली, "कुंडलिका! तू बी काय सांगणार हुतास न्हवं? चढ की वर. सांग."

कुंडलिक कट्ट्यापाशी उभा होता. सांगायचं ते संगप्पानंच सांगून टाकलं होतं; त्यानं कट्ट्यावर ठेवलेला पाय खाली घेतला.